घरी स्पॉयलर बसवताना: टेप की भोकं, आणि तो सुटतो कशाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेडान गाडी, डिकी तीनेक आठवड्यांपूर्वी रंगवून घेतलेली. डिकीच्या मागच्या कडेवर बसणारा एबीएस प्लास्टिकचा स्पॉयलर (हवा वळवणारी उंच पट्टी) आणलाय. त्यात ब्रेकलाइट आहे. खोक्यात दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, दोन बोल्ट आणि भोकांच्या जागा दाखवणारा कागदी साचा निघाला. हे काम घरी जमेल का, नुसत्या टेपवर भागेल की पत्र्याला भोकं पाडावीच लागतील, आणि हायवेला वेगात असताना तो उडून तर जाणार नाही ना?

जमेल. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

वाऱ्याची भीती प्रत्येकालाच असते, म्हणून जरा हिशोब करू. ताशी १०० किमी वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४६० न्यूटन भरतो. तुमचा स्पॉयलर १२० सेंमी लांब आणि ६ सेंमी उंच धरला आणि तो हा सगळा दाब छातीवर झेलतो असं मानलं (खरं तर झेलत नाही, काचेवरून उतरणारी हवा तिथवर मंदावलेली असते), तरी त्यावरचं बल ३३ न्यूटनच्या आसपास येतं. म्हणजे जेमतेम साडेतीन किलोचं वजन. ताशी १५० ला ते सव्वादोन पट होईल, कारण बल वेगाच्या वर्गाने वाढतं. आता टेपकडे बघा. १२ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या पूर्ण लांबीभर लावल्या की २८८ चौरस सेंमी चिकट पृष्ठभाग मिळतो. थ्रीएमच्या व्हीएचबी जातीच्या ॲक्रिलिक फोम टेपसाठी ढोबळ नियम असा आहे की कायम लटकणाऱ्या वजनाला किलोमागे ५५ ते ६० चौरस सेंमी टेप द्यावी. या हिशोबाने तुमची टेप पाच किलो वजन वर्षानुवर्षं धरून ठेवेल. आणि थोडा वेळ टिकणारा भार, म्हणजे झुळूक, हादरा, डिकी आपटणं, हा तर ती त्याच्या चाळीस-पन्नास पट पेलते.

मग लोकांचे स्पॉयलर निघतात कसे? वरच्याच हिशोबात उत्तर आहे. ही टेप झटक्याला प्रचंड ताकदवान, पण सतत चालू राहणाऱ्या थोड्या ताणाला त्या मानाने खूपच कमजोर असते. तुमच्या स्पॉयलरची टोकं डिकीच्या गोलाईला दोन-तीन मिमी टेकत नसतील आणि तुम्ही ती जोराने दाबून चिकटवलीत, तर प्लास्टिक स्प्रिंगसारखं त्या टोकांना दिवसरात्र वर ओढत राहतं. गाडी उभी असतानाही. उन्हात टेप मऊ पडते आणि टोक केसभर सरकतं. त्या फटीत पाणी आणि धूळ शिरते, पुढच्या उन्हात आणखी थोडं सरकतं. शिवाय हा ताण टोकावरच्या एका बारीक रेघेवर एकवटतो. बाटलीवरचं लेबल आपण कोपऱ्यातून सोलतो, तसं. महिन्यांनी एखाद्या दिवशी वेगात असताना तो सुटतो आणि दोष वाऱ्याला जातो. वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो. काम बसवण्याच्या दिवशीच बिघडलेलं असतं.

म्हणून टेपचं झाकण सोलायच्या आधी निदान एक संध्याकाळ नुसती मापं आणि कोरडी बसवणी करण्यात घालवा. डिकी धुऊन पुसून घ्या, स्पॉयलर टेपशिवाय जागेवर ठेवा, एका हाताने मधोमध हलकं धरा आणि दुसऱ्या हाताने व्हिजिटिंग कार्ड घेऊन सगळ्या कडेने ते आत सरकतंय का पाहा. एक कार्ड कुठेतरी सरकलं तर हरकत नाही, तेवढी उणीव फोमची जाडी भरून काढते. तीन-चार कार्डांची थप्पी टोकाला सहज आत जात असेल तर तिथे काम करावं लागेल. आणि टोकं टेकल्यावर मध्यभाग डगडगत असेल, तर तेही तितकंच वाईट.

त्यावर डेंटर लोकांची एक जुनी युक्ती आहे. डिकीच्या त्या पट्ट्यावर मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या, त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून चिकटवा आणि स्पॉयलरची तळबाजू त्यावर, नेमक्या त्याच जागी, दोन्ही हातांनी छोट्या फेऱ्यांत घासा. दहा-बारा फेऱ्यांनंतर उलटा करून बघा. जिथे पांढरट ओरखडे दिसतात तिथेच तो टेकतोय. उंच भाग झिजत जातात आणि तळ डिकीचाच आकार घेतो. रंगवलेल्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचायच्या आत थांबा. हीट गनने वाकवायचा मोह होईल. एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं हे खरं, पण वरचा रंग आणि लॅकर त्याआधीच बिघडतो, आणि वाकवलेलं प्लास्टिक उन्हात पुन्हा मूळ आकाराकडे जाऊ पाहतं. म्हणजे जो ताण टाळायचा तोच आपण आत कोंडला. फट तीन मिमीपेक्षा जास्त असेल तर सरळ परत करा. तो तुमच्या मॉडेलचा नाही, किंवा साच्यातून तापलेला काढून वेडावाकडा थंड झालेला आहे. फायबरग्लासचे तुकडे याबाबतीत आणखी हट्टी असतात, त्यामुळे तुम्ही एबीएस घेतलात ते बरंच झालं.

आता तुमच्या रंगाबद्दल. इथे मी थोडा कडक आहे. टेप पत्र्याला चिकटत नाही, सर्वात वरच्या थराला चिकटते. तो थर खालच्याला धरून, तो प्रायमरला, प्रायमर लांबीला (खळगे भरायच्या पुट्टीला) आणि लांबी पत्र्याला. या साखळीतली सर्वात कच्ची कडी टेप नसते, ताजा रंग असतो. रंगातला थिनर वरून कोरडं वाटल्यावरही बरेच दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. त्यावर टेपचं झाकण बसलं तर तो अडकतो, रंग मऊ राहतो, फुगे येतात, आणि पुढे स्पॉयलर निघाला तर रंगाची चामडी घेऊनच निघतो. बूथमध्ये भट्टी दिलेला रंग लवकर तयार होतो. हवेवर वाळवलेल्याला मी पुरता महिना देतो, दमट हवेत त्याहून जास्त. तीन आठवडे झालेत म्हणता, तर अजून थांबा. तेवढ्यात बाकीची तयारी करा. पेंटरला एक गोष्ट विचारून घ्या: शेवटी कोणतं पॉलिश मारलं? सिलिकॉनवालं पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर त्याचं कामच मुळी काही चिकटू न देण्याचं असतं. टेप बसणाऱ्या पट्ट्यापुरतं ते बारीक कंपाउंडने घासून काढावं लागेल.

सोबत एक लोहचुंबक घ्या, पातळ फडक्यात गुंडाळून डिकीवर फिरवा. जिथे तो गाडीच्या बाकी पत्र्याच्या मानाने ढिला पडतो तिथे खाली लांबीचा जाड थर आहे. कुठेच चिकटत नसेल तर डिकी ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची असू शकते, मग भोकांचा विचार वेगळ्याच पद्धतीने करावा लागतो. लांबीतून ड्रिल करू नका. भोकाभोवती तडा जातो, त्यात पाणी मुरतं आणि गंज आतून येतो. तो दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

टेप की भोकं? पाय असलेला, हवेत उभा राहणारा विंग असता तर मी बोल्टच सांगितले असते. तिथे भार तीन-चार चौरस इंचांच्या पायांवर येतो आणि उंचीमुळे तो पाय उपटायला बघतो. तुमच्यासारख्या कडेवर सपाट बसणाऱ्या, किलो-सव्वा किलोच्या तुकड्याला टेप स्वतःच्या ताकदीवर पुरते, तळ नीट घासला असेल आणि टेप अस्सल असेल तर. पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत. एक, ब्रेकलाइटची वायर आत न्यायला निदान एक भोक पाडायचंच आहे. दोन, खोक्यात बोल्ट दिलेत, ते वगळू नका. टेप कधी दगा देईल तेव्हा स्पॉयलर मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर न जाता डिकीलाच लटकून राहील, एवढ्यासाठी ते हवेत. धरायचं काम टेपचं, राखण करायचं काम बोल्टचं. ही वाटणी डोक्यात असली की बोल्ट किती आवळायचे हेही कळतं: रबर वॉशर किंचित दबेपर्यंत, पुढे नाही.

ते आणखी एका कारणाने. एबीएस उन्हात पत्र्यापेक्षा सहा-सात पट जास्त पसरतं. १२० सेंमीच्या तुकड्यात पहाटे आणि दुपारी ४० अंशांचा फरक पडला तर दोघांच्या वाढीत तीन मिमीच्या वर तफावत येते, म्हणजे प्रत्येक टोकाला दीडेक मिमी. फोम टेप ही सरक आरामात सोसते; बाजूला सरकणं ती आपल्या जाडीच्या तिप्पट सोसते असं मानतात, आणि तुमची टेप १.१ मिमीच्या आसपास असेल. पण बोल्ट घट्ट पिळून टोकं जखडली तर ती सरक कुठे जाणार? प्लास्टिकमध्ये. बोल्टाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतात त्या यामुळेच. म्हणून पत्र्यातली भोकं बोल्टापेक्षा दोन मिमी मोठी ठेवा आणि नट नायलॉनच्या अंगठीचे वापरा, म्हणजे ढिले राहूनही सुटत नाहीत.

ड्रिल हातात घ्यायच्या आधी डिकीच्या आतलं अस्तर काढा. क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचकटा, स्क्रू ड्रायव्हरने नको. आत बॅटरी घेऊन नीट बघा. डिकीला दोन पत्रे असतात, बाहेरचा आणि आतला, मध्ये पोकळी. त्यातून वायरिंगची जुडी जाते, लॉकची दोरी जाते, कधी कॅमेऱ्याची वायर. काही मॉडेलांत आतल्या पत्र्यावर कारखान्यातच बारीक खळगे किंवा खुणा मारलेल्या असतात, त्याच कंपनीचा स्पॉयलर बसवण्यासाठी. त्या तुमच्या तुकड्याच्या बोल्टांशी जुळल्या तर तुमचं नशीब.

कागदी साच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. कागद दमट हवेत पसरतो, घड्यांमध्ये मिमी-दोन मिमी हरवतात. मी साचा फक्त अंदाजाला घेतो आणि खुणा स्पॉयलरवरूनच काढतो: बोल्टांच्या टोकांना थोडा लिपस्टिकचा रंग लावून तुकडा मास्किंग टेपवर अलगद टेकवला की ठसा नेमका जिथे हवा तिथे उमटतो. मध्य काढताना कंपनीच्या बोधचिन्हावरून माप घेऊ नका, ते कित्येकदा मिमीभर इकडे-तिकडे असतं. डिकीच्या दोन्ही बाजूंच्या फटींपासून मोजा. मग चार पावलं मागे जाऊन बघा, खाली बसून बघा, आणि कोणालातरी स्पॉयलर धरायला सांगून ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरशात बघा. मागच्या गाडीचे दिवे आरशातून झाकले जात असतील तर हे सगळं इथेच थांबवा.

भोक पाडायला पंचचा एक हलका ठोका, मग ३ मिमीचा बिट, मंद गतीने. पत्रा पाऊण मिमीच्या आसपासच असतो, बिट एकदम आत धसतो. म्हणून बिटाच्या टोकापासून पाचेक मिमीवर टेपचा वेढा मारून ठेवा, म्हणजे तो आतल्या वायरींपर्यंत पोचणार नाही. पुढे पायऱ्यापायऱ्यांच्या बिटाने मापापर्यंत वाढवा. साध्या जाड बिटाने भोक तिकोनी होतं आणि कडा फाटते. कडेचे धारदार काटे गोल कानशीने किंवा रीमरने साफ करा. आणि इथे घाई करू नका: उघडा पडलेला लोखंडी काठ डिग्रीझरने पुसून, त्यावर गंजरोधक प्रायमर आणि मग टच-अप रंग बारीक ब्रशने लावा आणि पूर्ण वाळू द्या. हा अर्धा तास वाचवणारे लोक दोन पावसाळ्यांनी माझ्याकडे फुगलेली डिकी घेऊन येतात. लोखंडाचा कीस फडक्याने पुसू नका, रंगावर ओरखडे पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून उचला, पोकळीतला व्हॅक्यूमने ओढा. रात्रभर राहिलेला कीस दवाने गंजतो आणि लॅकरवर तांबूस ठिपके सोडतो.

आतल्या पत्र्यात मात्र नट आवळायचा सॉकेट पाना जाईल एवढं मोठं भोक लागतं. तिथे आधीच एखादं असेल तर उत्तम. नट बाहेरच्या पत्र्यालाच लागला पाहिजे, खाली मोठा स्टीलचा वॉशर घालून. लांब बोल्ट घेऊन दोन्ही पत्रे एकत्र आवळले तर मधली पोकळी दबते आणि वरून डिकीला खळगा पडतो. हा खळगा स्पॉयलरखाली झाकत नाही, नेमका त्याच्या पुढे दिसतो.

भोकाभोवती सीलंट लावायचं ते न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. डिकीच्या खालच्या काठाला पाणी निथळायची छोटी छिद्रं असतात, ती सीलंटने बुजत नाहीत ना एवढं बघा.

ब्रेकलाइट. तो जोडायचाच असेल तर मागच्या मुख्य दिव्याच्या वायरीत घुसू नका. बऱ्याच गाड्यांत त्या एकाच बल्बला पार्किंग आणि ब्रेक अशा दोन वेगळ्या वायरी असतात आणि चुकीची वायर पकडली तर रात्री स्पॉयलरचा दिवा कायम पेटलेला राहतो. सोपी जागा म्हणजे गाडीचा मूळचा उंचावरचा ब्रेकलाइट: तिथे ब्रेक दाबल्यावरच वीज येते, तेही मल्टिमीटरने तपासून घ्या. जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत चिमटून) वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. नुसत्या वळवलेल्या तारा आणि काळी टेप यावर कित्येक गाड्यांच्या वायरिंगची वाट लागलेली मी बघितली आहे. मूळ ब्रेकलाइट मागच्या काचेच्या आत असेल तर वायर डिकीपासून गाडीत बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच न्या आणि डिकी पूर्ण उघडल्यावर ती ताणली जात नाही ना ते पाहा. पत्र्यातून जाते तिथे रबर ग्रोमेट (भोकाच्या काठाला बसणारी कडी) हवाच, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात वायरीचं आवरण कापते. ज्या गाड्यांचा कंप्युटर प्रत्येक बल्बवर लक्ष ठेवतो, तिथे एलईडी जोडल्यावर डॅशबोर्डवर इशारा येऊ शकतो किंवा दिवा लुकलुकतो. अशा गाडीत ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या.

एक गोष्ट निक्षून सांगतो. तुमचा स्पॉयलर मूळ उंच ब्रेकलाइट मागून झाकत असेल तर त्यातला दिवा जोडणं ऐच्छिक राहत नाही. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून प्रवासी गाड्यांना हा तिसरा दिवा सक्तीचा झाला, पुढे इतर बऱ्याच देशांनी तेच केलं. मागचा माणूस गर्दीत तोच दिवा बघून ब्रेक मारतो.

आता चिकटवण्याचा दिवस. खोक्यातली टेप आधी तपासा. पांढरी, स्पंजासारखी, दोन बोटांत ओढल्यावर मधूनच तुटते अशी असेल तर ती फेकून द्या. चांगली ॲक्रिलिक फोम टेप बहुधा करडी किंवा काळी असते आणि रबरासारखी लांबलचक ताणली जाते. पत्रा आणि प्लास्टिक दोन्ही २० ते ३८ अंशांच्या दरम्यान असावेत. दहाच्या खाली चिकटवूच नका, चिकटद्रव्य पसरत नाही. आणि भर उन्हात तापलेल्या डिकीवरही नको, सावलीत गाडी लावून तासभर थांबा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान मिसळून त्याने डिकीचा पट्टा आणि स्पॉयलरचा तळ पुसा. फडकं एकाच दिशेने ओढायचं, उलटसुलट घासायचं नाही, आणि दुसऱ्या कोऱ्या फडक्याने लगेच कोरडं करायचं. पेट्रोल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. थिनर वापरू नका, तो एबीएस खातो आणि तुमच्या नव्या रंगाचं काय करेल ते सांगायला नको. यानंतर त्या जागेला बोट लागलं तर पुन्हा पुसा. टेप कंपनीचा प्रायमर मिळाला तर प्लास्टिकच्या बाजूला त्याचा पातळ हात द्या, एबीएसवर फरक पडतो.

टेप आधी स्पॉयलरला. वरच्या कडेची पट्टी अखंड, एकही तुकडा न पाडता. पाणी तिथूनच आत शिरायला बघतं. खालच्या कडेला मात्र मध्ये बोटभर जागा सोडा, चुकून आत गेलेलं पाणी बाहेर पडायला. कोपऱ्यात पट्टी पट्टीवर चढवू नका, टोकाला टोक भिडवा.

मग ही गंमत बघा, यातच सगळी सोय आहे. प्रत्येक पट्टीचं लाल किंवा पांढरं झाकण टोकाकडून दोन इंच सोला आणि काटकोनात बाहेरच्या बाजूला दुमडा, म्हणजे त्याची शेपटी स्पॉयलरच्या बाहेर लोंबती राहील. बाकीचं झाकण तसंच. आता स्पॉयलर मास्किंग टेपच्या खुणांवर ठेवा, सरकवा, मोजा, पुन्हा सरकवा. झाकण असेपर्यंत तो चिकटत नाही. जागा पक्की झाली की एकाने तो मध्यावर दाबून धरायचा, दुसऱ्याने एकेक शेपटी सावकाश, डिकीच्या अगदी लगत, सपाट कोनात ओढायची. वर ओढली तर झाकण फाटतं आणि अर्धं आत अडकतं. झाकण सरकत जाईल तसं मागोमाग दाबत जा, मध्यापासून टोकांकडे. एकदा टेकलेली टेप उचकटून पुन्हा लावायची नसते, म्हणून हा सारा खटाटोप.

दाब महत्त्वाचा आहे. दर चौरस सेंमीला साधारण एक किलो, म्हणजे अंगठ्याने चांगला जोर लावून इंचाइंचाने पुढे सरकायचं. मग बोल्टांचे नट आतून हलके बसवा आणि टोकांवर मास्किंग टेपचे आडवे पट्टे मारून रात्रभर राहू द्या. साध्या खोलीच्या तापमानाला वीस मिनिटांत टेपची निम्मी पकड येते, एका दिवसात नव्वद टक्के, तीन दिवसांत पूर्ण. त्यामुळे पहिल्या दिवशी गाडी हलवू नका, तीन दिवस धुऊ नका. नंतरही प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर जवळून सरळ मारायचा नाही.

पूर्ण पकड आल्यावर नळीने वरून पाणी सोडा आणि आत बॅटरी घेऊन कोणालातरी भोकांकडे बघायला लावा. डिकी उघडून ती स्वतःच्या बळावर उभी राहते का तेही बघा. तुमचा तुकडा हलका आहे, पण डिकी उचलून धरणारे गॅसचे दांडे जुने असतील तर तेवढ्याने ती खाली यायला लागते, आणि ती डोक्यात पडते.

तुम्ही विचारलं नाही, पण बहुतेकांच्या मनात असतं म्हणून सांगतो: याने गाडी रस्त्याला जास्त घट्ट धरून धावेल का? शहरातल्या वेगाला काहीही नाही. १९७२ साली पोर्शेच्या ९११ कारेरा आरएसला मागे तो प्रसिद्ध बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर आला, तेव्हा तो त्या गाडीच्या मागून वर उचलणाऱ्या बलाची मापं घेऊन बनवला होता. आउडीची पहिली टीटी १९९८ मध्ये मागे स्पॉयलर नसताना आली. खूप वेगात झालेल्या अपघातांनंतर कंपनीने तिला छोटासा स्पॉयलर दिला, पण सोबत सस्पेंशनही बदललं आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बसवलं. म्हणजे हा तुकडा एका ठरावीक गाडीसाठी मापून बनवला तर मोठ्या वेगाला खरंच काम करतो. बाजारातला तुकडा दिसण्यासाठी असतो आणि त्यात वाईट काही नाही. फक्त वळणावर त्याच्या भरवशावर वेग वाढवू नका.

कायद्याचं थोडक्यात. बाहेर येणाऱ्या भागाची धार टोकदार नसावी. युरोपातल्या बऱ्याच देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या २६ क्रमांकाच्या नियमात अशा कडेची गोलाई किमान २.५ मिमी मागितली आहे. नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाऊ नयेत. तुमच्याकडचे नियम आणि विमा कंपनीला कळवायचं की नाही हे भोक पाडायच्या आधी विचारून घ्या, आणि गंजाची वॉरंटी चालू असेल तर भोकं पाडल्यावर त्या जागेपुरती ती जाईल असं धरून चाला.

कधी काढायची वेळ आलीच तर ओढू नका. बोल्ट सोडा, हेअर ड्रायरने कडा हाताला सोसेल इतपत गरम करा आणि मासेमारीची नायलॉनची दोरी दोन्ही टोकांना काठ्या बांधून टेपमधून करवतीसारखी ओढत न्या. स्पॉयलर सुटल्यावर रंगावर राहिलेली फोम अंगठ्याने चोळली की गोळ्या होऊन निघते, उरलेला चिकटा टेप काढायच्या द्रावणाने पुसायचा. भोकांत रबरी बुच बसवा आणि भोवती पुन्हा सीलंटचा हात द्या.